अक्काचा खांदा आणि गल्लीचं खापर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोठं खापर कोणाच्या चुलीवर चढणार, हा प्रश्न यंदा अक्काच्या गल्लीत होळीच्या आधीच निघाला. त्यापूर्वी तो कधी निघाला नव्हता. गल्लीत मोठं खापर एकच होतं, ते अक्काचं होतं, आणि त्यावरच्या पुरणपोळ्याही अक्काच करायची. मागच्या आखाजीला पहिल्यांदा ते समोरच्या काकूंच्या घरी गेलं आणि तिथेच राहिलं. यंदाही काकूंच्याच चुलीवर चढलं तर कायमचं गेलं, असं सगळे धरून चालले होते. अक्कासुद्धा.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं गाव शिंदखेडा तालुक्यात, नरडाणा स्टेशनपासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. मी जळगावला एका दैनिकाच्या संपादकीय टेबलावर काम करतो, आणि आठवड्याचं आरोग्याचं पान माझ्या हाताखालून जातं. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात. आमचं माहेर भडगावकडे, गिरणेच्या काठावर. आई-वडील गेले, तिथलं घर आवरलं, आणि तेव्हापासून आखाजीला मीच सुरत लाइनची गाडी पकडून अक्काकडे जातो. अक्काचे यजमान, आमचे दाजी, दर वर्षी रिक्षा थांबली की तेच वाक्य म्हणतात. "पोरी माहेरले जातस. आठे माहेरच सासरले येस."

खापर म्हणजे मोठ्या माठाच्या बुडासारखं, भाजलेल्या मातीचं भांडं. ते चुलीवर पालथं घालतात, खाली पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ लावतात आणि वर पोळी भाजतात. ही पोळी लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा जरासा थापायचा, उचलून हातांवर घ्यायचा आणि मनगटापासून कोपरापर्यंत, या हातावरून त्या हातावर फिरवत ताणत न्यायचा. तो पातळ होत हातभर रुंद झाला की एका झोक्यात खापरावर टाकायचा. भाजल्यावर रुमालासारखी घडी. हे सगळं जाळासमोर, दोन्ही हात छातीच्या उंचीवर धरून. ज्या बाईचा खांदा उचलत नाही, तिला हे काम जमत नाही.

अक्काचा खांदा उचलत नव्हता. कापसाच्या हंगामाच्या शेवटी, घरात रचलेल्या पोत्यांवरून ती घसरली आणि उजव्या हातावर पडली. धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, मोठ्या मशिनमधली तपासणीही केली. स्नायू थोडा फाटला होता. काही महिन्यांत तो भरून आल्याचं त्यांनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं. दुखणं मात्र गेलं नाही. खांद्यातून ते मानेत गेलं, मानेतून दंडात उतरलं. झोप उडाली. अक्काला घास नकोसा झाला. घरच्यांनी पुन्हा फोटो काढून घेतले. ते पहिल्यापेक्षाही चांगले निघाले.

त्या गल्लीची एक रीत आहे. घरातलं मोठं माणूस दुखण्याने बसलं की त्याच्या हाताला काम लागू द्यायचं नाही. आजारी सासू ओट्यावर मेथी निवडताना दिसली तर बोल सुनेला लागतो. अक्काची सून जळगावची, शहरातली. मुलगा नरडाण्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, म्हणून घर तिच्यावर. तिने ही रीत इतकी मनावर घेतली की अक्काला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. शेजारच्या बायकांनीही वाटून घेतलं. एकीने पापडाचं पीठ नेलं, एकीने डाळी भरडायला नेल्या, समोरच्या काकूंनी खापर नेलं. कोणी काही हिसकावलं नव्हतं. सगळ्या जणी मायेने एकेक काम उचलून गेल्या आणि अक्काला ओट्यावरच्या खाटेवर ठेवून गेल्या.

दुसरी रीत भेटायला येण्याची. भेटायला येणारा माणूस बिस्किटांचा पुडा किंवा केळी आणतो, खाटेशेजारी बसतो आणि विचारतो, कसं काय झालं. मग सांगावं लागतं, पहिल्यापासून.

दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा असे पाहुणे येऊन जाताना पाहिले. मी बातम्यांच्या टेबलावर वर्षं काढली आहेत. एकच मजकूर पुन्हा पुन्हा सांगितला की तो कसा घट्ट होत जातो, हे ओळखू येतं. पोत्यांची थप्पी, सुटलेला पाय, टेकलेला हात, कट्ट असा आवाज, धुळ्याचा दवाखाना, न लागणारी झोप. क्रम बदलत नव्हता, शब्दही बदलत नव्हते. कट्ट या शब्दापाशी अक्काचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर जायचा आणि चेहरा आवळायचा. पाहुणा हळहळायचा, त्याच्या मामेबहिणीचा गुडघा कसा गेला ते सांगायचा, चहा पिऊन उठायचा. त्याच्या मागे खांदा ठणकत राहायचा. तेवढ्यात पुढचा पाहुणा.

बिस्किटांचे पुडे फडताळात इतके साठले होते की दाजी त्याला स्टॉल म्हणायचे. दाजी शिरपूर डेपोतून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आहेत. घरात त्यांचं बोलणं अजून गाडीतल्यासारखंच, समोर बघत, थोडं मोठ्याने.

त्या दिवशी सुनेने मला स्वयंपाकघरात बोलावून एक गोष्ट सांगितली. मला ती डॉक्टरांच्या सगळ्या कागदांपेक्षा महत्त्वाची वाटली.

"मामा, आई आता मला रागावत नाहीत."

मी म्हणालो, मग बरंच आहे की.

"बरं नाही. आधी मीठ, जाळ, झाडू, सगळ्यावरून रागवायच्या. काल माझ्याकडून भाजीत मीठच राहिलं. त्यांनी तशीच खाल्ली. काही बोलल्या नाहीत."

मी ओट्यावर येऊन अक्काकडे नीट पाहिलं. समोरच्या लिंबावर मुलींनी झोका बांधला होता आणि भांडण चाललं होतं. अशा भांडणात अक्का खाटेवरून न्यायनिवाडा केल्याशिवाय राहायची नाही. आता ती तिकडे बघत होती, पण तिला ते दिसत होतं असं वाटलं नाही.

हाडांच्या डॉक्टरांनीच पुढचं नाव सुचवलं. धुळ्यात एक डॉक्टरबाई आहेत, मनोविकारतज्ज्ञ, जुनाट दुखण्याचे रुग्णही बघतात. त्यांनी आमच्या पानासाठी एकदा लेख दिला होता, म्हणून मला त्या माहीत होत्या. मी अक्काला घेऊन गेलो. त्यांनी बराच वेळ ऐकलं. खांद्यापेक्षा झोपेचं, जेवणाचं आणि दिवस कसा जातो याचं जास्त विचारलं. शेवटी म्हणाल्या, खांदा आणि मन दोन्ही दमले आहेत, दोन्हींवर चालणारी एक गोळी देते, रात्री घ्यायची. सुरुवातीला तोंड कोरडं पडेल, थोडी पेंग येईल. उतार पडायला काही आठवडे लागतील, तोवर मधेच सोडायची नाही.

अक्काने ती थोडेच दिवस घेतली. गावातल्या औषधाच्या दुकानात पुढची पाकिटं आणायला दाजी गेले, तेव्हा दुकानदाराने काळजीनेच विचारलं, घरात कोणाला डोक्याचा त्रास आहे का, ही उदासीवरची गोळी आहे. तो खोटं बोलला नव्हता. दाजींनीही घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. अक्काने पाकीट फडताळात बिस्किटांच्या मागे ठेवून दिलं.

सुनेने हे फोनवर सांगितलं तेव्हा ऑफिसात पानं लावायची वेळ होती. पुढच्या सुट्टीला मी गेलो. थंडी होती, खाट ओट्यावरून आत आली होती. अक्काने मला बसू दिलं, पाणी द्यायला सांगितलं, आणि मग म्हणाली, "दुखस खांदा, अन् गोळी डोकानी. म्हंजे त्या डॉक्टरबाईले वाटस, मन्हं दुखनं खोटं शे. तुले बी तसंच वाटस का, भाऊ?"

पडण्याची हकीकत सोडली तर एवढं लांब वाक्य ती बऱ्याच महिन्यांनी बोलली होती.

मी समजावायला लागलो. आमच्या पानावर आलेला तो लेख मला जवळपास पाठ होता. दुखऱ्या जागेवरून मज्जातंतूंतून निरोप निघतो, मज्जारज्जूतून मेंदूत पोहोचतो, आणि तो निरोप दुखणं आहे हे मेंदू ठरवतो. मेंदूत दुखण्याची अशी एकच वेगळी खोली नाही. दुखणं नकोसं वाटतं ते मेंदूच्या ज्या भागांत, त्यातले बरेच भाग दुःखाच्या, काळजीच्या वेळीही कामाला लागतात. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही मेंदूतली रसायनं मन ताळ्यावर ठेवायला लागतात. तीच रसायनं मेंदूतून खाली मज्जारज्जूकडे जाणाऱ्या त्या वाटांवरही लागतात, जिथून येणारा दुखण्याचा निरोप धीमा करता येतो. उदासीत हा धीमा करण्याचा बंदोबस्त ढिला पडतो. निरोप पूर्ण जोराने पोहोचतो. तिकडे महिनोन्‌महिने दुखत राहिलं की झोप जाते, काम सुटतं, माणसं सुटतात आणि उदासी वाढते. म्हणून काही रुग्णांना उदासीवरची गोळी दुखण्यावरही उपयोगी पडते.

माझ्या बोलण्यात चूक काही नव्हती. अक्का शेवटपर्यंत ऐकत होती, म्हणजे मी थांबेपर्यंत गप्प होती.

"तू पेपरमा लिखस तसं सांगी ऱ्हायना," दाजी खुर्चीवरून म्हणाले. "आपन बाईलेच इचारूत. मी गाडी सांगस."

अक्का जायला कबूल झाली, पण अट घालून. दुखणं खोटं आहे का, एवढंच ती विचारणार, आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा कोणत्याही डॉक्टरकडे नेऊ नये. दाजी हो म्हणाले. मला ही अट महागात पडणारी वाटली, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

धुळ्याला जाताना हायवेवर चौफुलीच्या अलीकडे आम्ही अडकलो. आग्र्याकडून येणारे ट्रक, सुरतेकडून येणारे टँकर, मधे उसाची एक ट्रॉली आडवी झालेली. दाजींनी भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला कोणती लेन धरायची ते सांगायला सुरुवात केली आणि दवाखान्यापर्यंत थांबवलं नाही. उशीर झाला म्हणून दारातच त्यांनी डॉक्टरबाईंना ट्रॉलीची सगळी हकीकत सांगितली.

बाईंनी ती पूर्ण ऐकली. मग अक्काने तिचा प्रश्न विचारला, मला विचारला होता त्याच शब्दांत.

"खोटं नाही," बाई म्हणाल्या. "दुखणं खरं आहे. माझं डोकं दुखलं तर तेही मेंदूतच कळतं, आणि पायात काटा गेला तर तोही मेंदूतच कळतो. मेंदूशिवाय कोणालाच काही दुखत नाही."

अक्काचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला.

"आता तुम्ही जी चौफुली ओलांडून आलात ना," बाई पुढे म्हणाल्या, "ट्रॉली आडवी झाली ती एका रस्त्यावर. पण अडकल्या चारी रस्त्यांच्या गाड्या. दुखण्याचा रस्ता आणि उदासीचा रस्ता मेंदूत अशाच चौफुलीवर येतात. तुमचा खांदा भरून आला, म्हणजे ट्रॉली बाजूला झाली. पण चौफुली अजून मोकळी झालेली नाही. सुरुवात कोणत्या रस्त्यावरून झाली, हे मला सांगता येणार नाही. मोकळं करायला ते कळायलाच हवं असंही नाही."

दाजी खुर्चीत पुढे सरकले. आतापर्यंत कोणीही त्यांच्या विषयावर बोललं नव्हतं. "मंग तठे पोलीस नही ऱ्हास का?"

"असतो. त्याचं बळ कमी पडलंय. ही गोळी त्याला बळ देते."

"आपला पोलीस तं निस्ता उभा ऱ्हास, शिट्टी वाजाडस."

"हा पण सुरुवातीला तेच करतो," बाई म्हणाल्या. "थोडे आठवडे द्या त्याला."

अक्का हसली. आवाज झाला नाही, पण मी समोर होतो. मग तिने विचारलं, "मंग ती डोकानी गोळी नही?"

"डोक्याची आहेच. पण डोकं खांद्याचं पण आहे."

पुढची गोष्ट मी नुसती ऐकली, लेखात ती नव्हती. बाईंनी विचारलं, पडल्यापासून काय काय करायचं बंद केलं. अक्का विचार करत बसली. मग भाकरी, पापड, देवळात जाणं, बायकांमध्ये गाणं, असं एकेक निघत गेलं. शेवटी खापर. खापर म्हणजे काय, हे बाईंना माहीत होतं. त्या नंदुरबारकडच्या होत्या. त्यांनी हात पुढे करून पोळी ताणण्याची नक्कल केली आणि म्हणाल्या, यासाठी खांदा किती उचलावा लागतो ते मला दाखवा. अक्काने उजवा हात उचलला. छातीच्या बराच खाली तो थांबला.

बाईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. गोळी रोज. दवाखान्यातली फिजिओथेरपीवाली मुलगी दाखवेल त्याप्रमाणे भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा. घरातलं हलकं काम रोज करायचं, दुखलं म्हणून पूर्ण थांबायचं नाही आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात डोंगरही उपसायचा नाही. फोटोत खांद्याचं काही बिघडलेलं नाही, त्यामुळे हलवल्याने तो फाटणार नाही. मेंदूला हे कळायला वेळ लागतो. रोज थोडं हलवून दाखवणं हाच तो सांगण्याचा मार्ग. आणि शेवटचं त्यांनी दाजींकडे बघून सांगितलं. येणाऱ्या माणसांना खांद्याचं विचारू द्यायचं नाही. विचारपूस वाईट नाही, पण दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगताना दुखण्याकडेच लक्ष जातं, आणि लक्ष गेलं की ते मोठं होतं.

दाजींनी ही शेवटची सूचना कामगिरी म्हणून घेतली. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कामगिरी अशी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ते ओट्यावर, दाराच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. पाहुणा पुडा घेऊन पायरी चढला की उजवा हात आडवा करायचे.

"खांदा सोडीसन काहीबी इचारा. गाडी पुढे जाई ऱ्हायनी."

लोकांची पंचाईत झाली. आजाऱ्याला भेटायला येऊन आजाराचं विचारायचं नाही तर बोलायचं काय? काही जण खाटेजवळ बसून नुसते खाली बघत राहिले. सोनगीरहून आलेला एक जुना नातेवाईक दाजींवर रागावून चहा न घेता गेला. पण हळूहळू बायकांना दुसरे विषय सापडले, आणि ते गल्लीत कधी कमी नव्हतेच. कोणाच्या सुनेने कशी साडी नेसली, कोणाचा मका कसा उगवला, जळगावहून आलेल्या भावाला अजून पोळीची घडी नीट करता येत नाही. हा शेवटचा विषय माझा होता. तो त्यांना कसा मिळाला, हे मी विचारलं नाही.

त्रास खरा सुनेला झाला. अक्का आता दुपारी ओट्यावर परात घेऊन बसायची आणि संध्याकाळच्या पोळ्यांपुरती कणीक मळायची. गल्लीने ते पाहिलं. नळावर एकीने मोठ्याने म्हटलं की आजकालच्या पोरींना सासू आजारी असली तरी चालते, कणीक मळायला असली म्हणजे झालं. सून घरी येऊन रडली. अक्काने ते ऐकलं आणि परात बाजूला सारली. पुढचे दोन-तीन दिवस ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गोळी सुरू होती, तरी.

हे मला फोनवर कळलं, आणि एवढंच कळलं. तेव्हा मला वाटलं, गेलं सगळं. आरोग्याच्या पानावर एक मजकूर वारंवार येतो की उपचारात चढ-उतार असतात. मी तो कितीदा छापला आहे. घरच्या माणसाचा उतार दिसला की तो मजकूर आठवत नाही.

पुढे काय झालं ते मला दाजींनी सांगितलं. सुनेने तिसऱ्या दिवशी परात उचलली, पीठ घेतलं आणि अक्काला घेऊन ती ओट्यावर नाही, थेट नळाजवळच्या पारावर जाऊन बसली. बायका पाणी भरत होत्या. तिने परात अक्कापुढे ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की डॉक्टरांनी औषध म्हणून सांगितलंय, ज्यांना वाईट दिसत असेल त्यांनी घागर भरून तिकडे बघावं. जळगावची पोर असं बोलेल हे कोणाला वाटलं नव्हतं. अक्काने पीठ मळलं. बायकांमधल्या दोघी शेजारी येऊन बसल्या. पीठ फार घट्ट झालंय, असं एक म्हणाली. अक्का म्हणाली, तुन्हाच हात घट्ट शे.

दाजींनी हे सांगताना नळाजवळचं सगळं दृश्य मला फोनवर दोनदा ऐकवलं.

फाल्गुनात अक्काचा हात छातीपर्यंत यायला लागला. झोप पूर्ण नाही, पण बरी लागायची. दुखणं होतंच. सकाळी जास्त, काम सुरू झालं की कमी. ढगाळ दिवसांत वाईट. ती त्याबद्दल कमी बोलायची, आणि विचारलंच तर म्हणायची, शे जागेवर. भिंतीवर तिच्या बोटांचे तेलकट ठसे उमटले होते, एकावर एक, वर वर जाणारे. सुनेने ते पुसले नव्हते.

खापराचा प्रश्न होळीच्या आधी निघाला तो काकूंनीच काढला. समोरच्या काकू अक्काच्या वयाच्या, जाडजूड, बोलायला बिनधास्त. मागच्या आखाजीला गल्लीने त्यांच्या पोळ्या खाल्ल्या होत्या आणि वर्षभर त्याबद्दल बोलत होती. त्या एक दिवस खापर डोक्यावर घेऊन, खाली चुंबळ ठेवून, दारात आल्या. दाजींनी सवयीने हात आडवा केला.

"सरक बाजूले," काकू म्हणाल्या. "मी कोनाले भेटाले नही उनी." आणि आत जाऊन त्यांनी खापर अक्काच्या चुलीजवळ टेकवलं. "हाई ले तुन्हं खापर. मन्ह्या पोळ्यास्ले बठ्ठी गल्ली गाद्या म्हनस."

अक्का खापराभोवती हात फिरवत होती, तडा गेलाय का बघत. "गाद्याच व्हत्यात त्या," ती म्हणाली.

काकू चुलीशेजारी खाली बसल्या. मग म्हणाल्या, यंदा दोघी करू, खांदा दुखला की हाक मार. अक्का म्हणाली, बघू. हो नाही म्हणाली आणि नाहीही नाही म्हणाली. त्यामुळे चैत्रभर गल्लीत प्रश्न तसाच राहिला.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी पोहोचलो. दाजींनी त्यांचं वाक्य म्हटलं. अंगणात तीन दगडांची चूल मांडली होती, खापर वर पालथं होतं. पऱ्हाट्यांची मोळी बाजूला. डाळ शिजत होती. अक्का कणीक तिंबत होती, दोन्ही हातांनी. डावा जास्त काम करत होता, हे बघितल्यावर कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागरीची पूजा झाली. पितरांची आगारी, म्हणजे विस्तवावर टाकायचा नैवेद्य, पहिल्या पोळीने टाकायची असते, म्हणून सगळे त्या पहिल्या पोळीची वाट बघत होते. अंगणात जितक्या बायका हव्या होत्या त्याहून जास्त जमल्या होत्या. मदतीला आलेय, असं प्रत्येक बाई म्हणत होती. कोणी काही मदत करत नव्हती. काकू चुलीपाशी बाह्या वर करून तयार बसल्या होत्या.

अक्काने उंडा थापला, उचलला आणि हातांवर घेतला. या हातावरून त्या हातावर तो फिरायला लागला. उजवा कोपर पूर्वीसारखा वर येत नव्हता. ती थोडी डावीकडे कलून उभी राहिली आणि तेवढी उणीव तिने कमरेतून भरून काढली. पोळी रुंद होत गेली. तिच्या कपाळावर घाम होता, पण तो जाळाचाही असेल. दाजी दाराच्या खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

पोळी खापरावर पडताना एका बाजूला फाटली. पुरण बाहेर आलं आणि करपल्याचा वास सुटला. काकू पुढे झाल्या. अक्काने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती चुलीकडे वळली होती, जिथे सून पऱ्हाट्या सारत होती.

"जाळ कमी कर वं. कितलांदाव सांगू तुले? खापर तपी गयं ते दिखत नही का? पोळी काय आगमा टाकाले करी ऱ्हायनूत?"

सुनेने घाईने दोन पऱ्हाट्या ओढून काढल्या. धूर तिच्या डोळ्यांत गेला होता. तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. नळावर बोल लागला तेव्हा ती रडली होती असं मला फोनवर सांगितलं होतं. आताचा चेहरा तसा नव्हता.

"रागावल्या," ती हळूच म्हणाली.

पितरांना फाटकी पोळी चालत नाही, म्हणून पहिली बाजूला ठेवली आणि दुसरीची आगारी टाकली. दुसरी चांगली झाली. त्यानंतर अक्काने आणखी काही केल्या, मग खांदा धरून पाटावर बसली आणि काकूंना जागा दिली. काकूंच्या पोळ्या यंदाही जाडच झाल्या, पण अक्का शेजारी बसून सांगत असल्यामुळे थोड्या कमी. मधेच उठून ती पुन्हा एक करायची. खापर दिवसभर अक्काच्या अंगणात राहिलं आणि संध्याकाळी धुऊन तिच्याच फडताळावर गेलं. तिथले बिस्किटांचे पुडे केव्हाच संपले होते.

पहिली फाटकी पोळी मला मिळाली, आमरसाबरोबर. करपलेल्या बाजूचं पुरण कडसर झालं होतं. मी घडी नीट केली नाही, हे कोणीतरी लगेच दाखवून दिलं. रात्री अक्काने गोळी घेतली, पाणी स्वतः तांब्यातून ओतून. मी विचारलं, खांदा कसा आहे. दाजी दारातून ओरडले की हा प्रश्न बंद आहे.

"दुखस," अक्का म्हणाली. "पन उद्या भाकरी मीच टाकसू."